पाळी गेल्यानंतरची ती खाज: फंगल की लायकेन?

माझ्या मावशीचं दोन वर्षं हेच चाललं होतं, खाली खाज सुटली की मेडिकलमधनं ‘फंगलची ट्यूब’ आणायची, चार दिवस बरं, ट्यूब संपली की पुन्हा तेच. नेमकं कुठे लावायचंय हे सांगायची लाज, म्हणून ‘जांघेत झालंय’ म्हणायची. निघालं लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे तिथल्या कातडीचा एक जुनाट आजार. त्या मिक्स ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड पण होतं, तेवढ्यापुरता आराम त्यानेच पडायचा आणि आम्हाला वाटायचं बघा, फंगलच होतं.

खरं तर पाळी गेल्यावर तिथलं फंगल कमी होतं, त्या बुरशीला इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर कमी होणारं बायकांचं हार्मोन) असलेली जागा मानवते. शुगरवाल्या बायकांना मात्र होतं, त्यात डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी असेल तर जास्तच, लघवीतनं साखर जाते ना. कातडी लालबुंद, आग आग, बऱ्याचदा दह्यासारखं पांढरं जातं.

लायकेनमध्ये तसं काही जात नाही, कातडीच पांढरी पडते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, सुरकुतलेली, जरा खाजवलं की चीर नाहीतर जांभळा डाग. बऱ्याच जणींना ते मागे शीच्या जागेभोवती पण पसरतं, इंग्रजी 8 सारखं, मग संडासला बसलं की झोंबतं. खाज रात्री जास्त. आणि अंगावर काढलं तर योनीचे आतले नाजूक ओठ चिकटून सपाट होत जातात, योनीचं तोंड आवळतं, ते मलमाने परत पहिल्यासारखं होत नाही. फंगल असलं काही करत नाही. (पांढरं दिसलं की आपल्याकडे आधी कोडाची धास्ती, पण कोडात फक्त रंग जातो, कातडी छान मऊच असते.)

फंगल क्लोट्रिमॅझोल या बुरशीच्या औषधाने साधारण आठवड्यात आवरतं. लायकेनला नुसतं क्लोबेटासोल 0.05 टक्के हे जोरदार स्टेरॉइड मलम लागतं, मिक्स नाही, तेही डॉक्टरने बघून दिलेलं: साधारण महिनाभर रोज रात्री, मग महिनाभर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. स्टेरॉइड म्हटलं की बायका घाबरून मधेच सोडतात, पण 30 ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते, एवढंसंच लावायचं असतं. लायकेन हा संसर्ग नाही, नवऱ्याला लागत नाही. कॅन्सरचा धोका 100 त 5 पेक्षा कमी, पण गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी) करायचीच.

मावशी आता महिन्यातनं एकदा बाथरूमला कडी लावून हातआरशात बघते, म्हणते साठ वर्षांत पहिल्यांदाच बघितलं गं.