उघड्या बियांची मंडळी

वहीत विद्येचं पान ठेवलं की विद्या येते, असं नाशिकमध्ये आम्ही लहानपणी मानायचो. ते पान म्हणजे कुंपणाशी लावतात त्या मोरपंखीची चपटी डहाळी. डहाळ्या सगळे खुडतात, बोंडांकडे कुणी बघत नाही. एक बोंड हातात घेऊन पाहा. हिरवं असताना त्यावर निळसर पांढुरकी साय असते आणि शिंगांसारखी वळलेली टोकं बाहेर आलेली असतात. वाळून तपकिरी झालं की खवले उकलतात आणि त्यांच्या बुडाशी बिया उघड्यावरच टेकलेल्या दिसतात. गर नाही, साल नाही, फळच नाही.

आता द्राक्षाचा मणी आठवा. तिथे बी अंडाशयाच्या आत घडते आणि त्या अंडाशयाचंच रसाळ फळ होतं. मोरपंखीला अंडाशयच नाही, म्हणून ती अनावृतबीजी, म्हणजे उघड्या बियांची. तिचं बीजांड, म्हणजे ज्याची पुढे बी होते तो भाग, टोकाशी एक चिकट थेंब सोडतं. वाऱ्यावर आलेले परागकण त्यात अडकतात, थेंब आटतो आणि कण आत ओढले जातात. मला हा थेंब कुठल्याही फुलाइतकाच देखणा वाटतो.

अशा वनस्पतींच्या आज साधारण १,००० जाती आहेत, चार गटांत विभागलेल्या. मोरपंखी, देवदार, चिलगोजा हे सूचिपर्णी. गिंको आपल्या गटात एकटाच. नीटमच्या गटातला एक वेल आपल्या सह्याद्रीतही आहे. चौथा गट सायकसचा. गंगापूर रोडच्या बंगल्यांसमोर दिसणाऱ्या सायकसला लोक सर्रास पाम म्हणतात, पण पामशी त्याचं नातं फार दूरचं. त्याची नर-मादी झाडं वेगळी असतात. शिवाय त्याच्या शुक्रपेशी शेवाळाच्या शुक्रपेशींसारख्या चक्क पोहत बीजांडातल्या अंडपेशीकडे जातात. जपानमध्ये १८९६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ हिरासे यांना गिंकोत आणि इकेनो यांना सायकसमध्ये त्या दिसल्या.

या मंडळींतल्या नामशेष झालेल्यांची ओळख पटवणं आणखी अवघड, कारण जीवाश्मांत खोड एकीकडे, पान दुसरीकडे, बिया तिसरीकडे सापडतात. झारखंडच्या राजमहाल टेकड्यांतले असे तुकडे वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी जुळवले. खोडात बहुधा पाच काष्ठपट्ट्या, म्हणून नाव पेंटॉक्झायलॉन. लाकूड सूचिपर्णींसारखं, इतर काही खुणा सायकसच्या. कुठल्याच गटात ते बसेना, तेव्हा १९४८ मध्ये साहनींनी त्याला स्वतंत्र गट दिला. पांडवलेण्यांचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. हे झाड त्याहूनही कोट्यवधी वर्षं जुनं. त्याचे सख्खे नातलग कोण, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.