रोजगार हमीवर दिवसातून दोन फोटो, अन् त्यामागची जुनी गोष्ट

आमच्याकडे उन्हाळ्यात रोजगार हमीचं काम सकाळी सहाला सुरू होते अन् दहा-अकराला खलास, कारण त्यानंतर पारा ४५ च्या वर जातो अन् पांदणीवर सावली कुठंच नसते. काम मोजमापावर. जेवढी माती काढली तेवढे पैसे, तासांचा हिशोब नाही. तरीपण दुपारी परत जा लागते. कशाला? तं फोटो द्यायला. सकाळी एक, मंग काही तासांनी दुसरा, दोन्ही अॅपवर चढले तर हजेरी, नाही तर खाडा.

माझी मोठीमाय साठीच्या पुढची आहे. मागच्या उन्हाळ्यात अशीच भर दुपारी पांदणीवर परत गेली, अन् मेटच्या, म्हणजे कामावरच्या मुकादमाच्या, मोबाईलला टॉवरच नव्हता. संध्याकाळी मला म्हणे, "म्या खड्डा खोदला तो दिसत नाही काय रे त्यायले, माह्यं तोंडच काऊन पायतेत?"

त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, म्हणून थोडं मागं जाऊन वाचलं. आता अॅपला शिव्या देणारे गावात पुष्कळ आहेत अन् त्या खोट्याही नाहीत, पण हे अॅप काही आभाळातून पडलं नाही, त्याचे आजे-पणजे आहेत.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. ज्या जमातीचं नाव यादीत गेलं तिची माणसं जन्मानंच चोर. त्यांची नोंद ठेवायची, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं तर पास घ्यायचा, पास नसला की गुन्हा. म्हणजे हजेरी कामाची नव्हती, हा माणूस आत्ता कुठं आहे एवढंच पाहायची होती. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, विमुक्त दिन म्हणून तो आजही पाळतात, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले अन् पोलिसांची सवय काही रद्द झाली नाही. अमरावती-यवतमाळकडच्या कोणत्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारा, जवळपास चोरी झाली की गाडी आधी कुठं येते ते.

अंगठ्याची गोष्ट त्याच काळातली. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. करार कशाचा होता? रस्त्याला लागणाऱ्या मालाचा! पुढं माणूस बदलून शब्द फिरवू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. १८९७ ला कलकत्त्यात जगातलं पहिलं बोटांच्या ठशांचं ऑफिस निघालं. म्हणजे हे तंत्रज्ञान बाहेरून आपल्याकडे आलेलं नाही, आपल्याच माणसांच्या हातावर तयार झालं अन् मग जगभर गेलं.

दक्षिण आफ्रिकेतही गेलं. १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारनं तिथल्या आशियाई लोकांसाठी नोंदणीचा वटहुकूम काढला, दहाही बोटांचे ठसे द्या अन् परवाना जवळ बाळगा. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या नाटकघरात सभा झाली, आम्ही नोंदणी करणार नाही अशी शपथ घेतली गेली, अन् १९०८ च्या ऑगस्टमध्ये परवान्यांची होळीच केली. पुढारी गांधी. तेच गांधी १९३६ पासून आमच्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिले, अन् २००९ च्या २ ऑक्टोबरला रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याला त्यांचंच नाव दिलं, ज्या योजनेत पुढं मजुराला आधार अन् चेहरा दिल्याशिवाय दाम मिळेना झाला. मी हे पहिल्यांदा जुळवून पाह्यलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून होतो.

आता मूळ योजना. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की म्हातारी माणसं आजही तेव्हा वाटलेली सुकडी आठवतात. त्या वेळी दुष्काळी कामांवर राज्यात लाखोंनी माणसं खडी फोडत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना अशी की काम ही भीक नाही, मागितलं की सरकारनं द्यायलाच पाहिजे. १९७७ ला राज्यानं तसा कायदा केला अन् २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणला, तं १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर लावला, म्हणजे मुंबईच्या बाबूच्या पगारातून मेळघाटातल्या मजुराची मजुरी. राजेहो, आज असा कर लावून दाखवा कोणी! न्यायालयही तेव्हा मजुराच्या बाजूनं बोलत होतं, १९८३ ला राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगार, मग ते दुष्काळी काम का असेना. २००५ ला देशाचा कायदा आला, २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत लागू झाला, १०० दिवसांचं काम, १५ दिवसांत मजुरी.

चोरी होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मेलेली माणसं, पुण्याला कामाला गेलेली पोरं, सरपंचाचा भाचा, हे आम्ही सगळ्यांनी पाह्यलंय. ती पकडायचा एक रस्ता राजस्थानातल्या मजुरांनी नव्वदीतच दाखवला होता. मस्टर गावात आणा, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा, ज्याचं नाव आलं त्यानं उठून सांगावं की मी त्या दिवशी कामावर होतो का नाही. त्याच लढ्यातून माहितीच्या अधिकाराला जोर आला, अन् रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातही सामाजिक अंकेक्षण लिहिलं गेलं. त्यात खालचा माणूस वरच्याचा हिशोब पाहत होता.

अॅपमध्ये नेमकं ते उलटं झालं.

आधार पहिल्यांदा दिलं ते आपल्याच राज्यात, २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभली गावात. २०१२ ला त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका गेली अन् २०१५ ला सरकारी वकिलांनी चक्क सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. खासगीपणा म्हटलं की आपल्याला वाटते हा शहरातल्या शिकलेल्या लोकांचा विषय, तं तसं बिलकुल नाही. १९६२ चा खरकसिंगचा खटला पाहा. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या केसमध्ये पुराव्याअभावी सुटलेला, तरी पोलीस रात्री-बेरात्री दार वाजवत. कोर्टानं दार वाजवणं थांबवलं, पण खासगीपणाचा हक्क काही मानला नाही. तो मानला २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींनी, एकमतानं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये आधारचा निकाल आला, चार विरुद्ध एक, खासगी कंपन्यांना चाप बसला पण सरकारी अनुदान अन् लाभासाठी आधार राहिलंच. म्हणजे हक्क मिळाला, अन् ज्याला सरकारच्या दारात उभं राहा लागते त्याच्याच पदरी अपवाद आला.

मग पटापट झालं. मे २०२१ ला हजेरीचं अॅप, मे २०२२ पासून २० अन् त्याहून जास्त मजुरांच्या कामावर सक्ती, १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सगळ्याच सार्वजनिक कामांवर. १ जानेवारी २०२४ पासून पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच. २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्यात सरकारला लाभ देताना संमतीची सूट आहे, अन् वरून माहितीच्या अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम आणखी घट्ट केलं. मोठीमायचं तोंड दिल्लीपर्यंत जाणार, पण उद्या तिनं मस्टरवरची नावं मागितली तर वैयक्तिक माहिती म्हणून नाही म्हणायला बाबूला कारण तयार.

मजुरी उशिरा झाली तर भरपाई आहे, दिवसाला ०.०५ टक्के. २०२५-२६ चा आपला दर ३१२ रुपये, म्हणजे एका रोजावर दिवसाचे १५-१६ पैसे. मजुराचा एक फोटो चुकला तर अख्खा रोज, अन् सरकार उशिरा आलं तर पंधरा पैसे.

चोरी तरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहिलं की भलतेच फोटो टाकतात, फोटोचाच फोटो काढून टाकतात, तेव्हा ग्रामपंचायतीत सगळे फोटो माणसानं बसून तपासावेत. म्हणजे मस्टर तपासायचा कंटाळा आला म्हणून मशीन आणलं, अन् आता मशीन तपासायला पुन्हा माणूस.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं जुन्या कायद्याच्या जागी नवा आणला. गांधींचं नाव गेलं, १०० चे १२५ दिवस झाले, शेतीच्या हंगामात ६० दिवस काम बंद ठेवायची सोय आली, राज्याच्या डोक्यावर ४० टक्के खर्च आला, अन् बायोमेट्रिक हजेरी आता कायद्यातच लिहिली गेली. मोठीमायला मी हे सगळं सांगितलं. तिनं फक्त त्या खाड्याचं विचारलं. तो अजून तसाच आहे.