अभियंत्यांच्या आचारसंहितेत 'जनता' उशिरा आली

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सामाजिक जबाबदारीबद्दल विचारलं, तर बहुधा एखाद्या पेपरचं नाव ऐकू येतं. मार्क कमी, अभ्यास आदल्या रात्रीचा. हा विषय असा कडेला का पडला, हे समजायचं तर या व्यवसायाच्या जुन्या आचारसंहिता पाहाव्या लागतात.

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनियर्सने १९१४ साली आपली संहिता स्वीकारली. ग्राहकाशी प्रामाणिक राहा, दुसऱ्या अभियंत्याचं काम पळवू नका, असा तिचा रोख. पुलावरून जाणाऱ्या माणसाचा त्यात उल्लेखच नव्हता. आणि हे क्यूबेकच्या पुलानंतर सात वर्षांनी!

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जाणारा हा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी कोसळला आणि ७५ कामगार दगावले. मुख्य गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १६०० वरून १८०० फुटांपर्यंत वाढवला होता, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्याने झाला नव्हता. खालचे दाबाखालचे भाग वाकू लागल्याचं आधीच दिसलं होतं. नॉर्मन मॅक्लूर हा जागेवरचा तरुण अभियंता ते सांगायला न्यूयॉर्कला, सल्लागार थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. आणखी भार चढवू नका, अशी तार कूपर यांनी केली, पण ती बांधकामाच्या जागेवर नव्हे, पूल बांधणाऱ्या कंपनीच्या कार्यालयाकडे. काम थांबलं नाही. मला यात कूपर यांच्या चुकीपेक्षा मॅक्लूरची अडचण जास्त महत्त्वाची वाटते: धोका दिसतोय, पण काम थांबवण्याचा अधिकार आपल्या हातात नाही. आजचा विद्यार्थी पहिल्या नोकरीत नेमका याच जागी उभा असतो.

कॅनडात १९२५ पासून नव्या अभियंत्यांना शपथविधीत लोखंडी अंगठी देतात. ती काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत घालतात, म्हणजे कागदावर रेघ ओढताना टोचत राहते. (पहिल्या अंगठ्या त्या कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या ही दंतकथा आहे, पण विद्यार्थ्यांना ती अजून आवडते.)

अमेरिकेत अभियंत्यांच्या सामायिक संहितेत लोकांच्या सुरक्षिततेची दखल १९४७ मध्ये घेतली गेली. सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांना सर्वोच्च स्थान मिळायला १९७४ उजाडलं.

पुढे वर्गात शिकवायला उदाहरणं मिळत गेली. १९८६ साली चॅलेंजर या अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंता रॉजर बॉइजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंडीत रॉकेटच्या सांध्यांमधल्या रबरी कड्या दगा देतील असं बजावलं होतं; तरी उड्डाण झालं आणि यान फुटलं. त्याआधी १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीची रचना करणाऱ्या विल्यम लेमेसुरियर यांनी गणित पुन्हा तपासलं आणि वेल्डिंगऐवजी बोल्ट लावलेले सांधे मोठ्या वादळात टिकणार नाहीत असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्याच सांगण्यानुसार याची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या प्रश्नापासून झाली. अनेक रात्री काम करून सांधे मजबूत केले गेले. शहरातल्या लोकांना मात्र ही गोष्ट १९९५ मध्ये कळली. वर्गात हे आदर्श वर्तनाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ते अर्धंच पटतं.

हे सगळं शिकवूनही काय होतं? समाजशास्त्रज्ञ एरिन सेक यांनी अमेरिकेतल्या चार संस्थांमधल्या विद्यार्थ्यांचा शिक्षणभर मागोवा घेतला. २०१४ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की लोककल्याणाबद्दलची आस्था पदवीच्या काळात वाढण्याऐवजी घटते. 'तांत्रिक' ते खरं काम आणि 'सामाजिक' ते वरवरचं, ही विभागणी विद्यार्थी न सांगता उचलतात. वेगळा पेपर ठेवला की ती भिंत कदाचित आणखी पक्कीच होत असावी.

पर्ड्यू विद्यापीठाने १९९५ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे विद्यार्थ्यांचे गट स्थानिक सेवासंस्थांसाठी उपकरणं आणि प्रणाली तयार करतात, आणि काम एका सत्रात संपत नाही. वापरणाऱ्याकडे ते बिघडलं, तर तक्रार पुढच्या तुकडीकडे येते.