आवश्यकतावाचक सहायक क्रियापदे, इंग्रजी

एखादी गोष्ट करणे भाग आहे, योग्य आहे किंवा गरजेचे आहे, असा अर्थ मुख्य क्रियापदाला जोडणारी इंग्रजीतील क्रियापदे. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘ऑट टू’ व ‘नीड’ ही त्यांतील प्रमुख. ‘हॅव टू’ व्याकरणदृष्ट्या या गटात पूर्णपणे बसत नाही, पण अर्थाने यांच्यातलेच आहे. कोकण किनारपट्टीवरील मराठी आणि मालवणी भाषकांना ही क्रियापदे वापरताना कुठे अडायला होते, हे या नोंदीत विशेष पाहिले आहे.

रूपाचे नियम थोडे आहेत. ‘मस्ट’ला तृतीयपुरुषी एकवचनी ‘स’ लागत नाही, त्याच्यापुढे ‘टू’ येत नाही आणि त्याला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘ही मस्ट गो’ शुद्ध. ‘ही मस्ट टू गो’ अशुद्ध. ‘हॅव टू’ मात्र साध्या क्रियापदासारखे चालते: ‘ही हॅज टू गो’, ‘ही हॅड टू गो’, ‘डझ ही हॅव टू गो?’

व्युत्पत्ती : ‘मस्ट’ हे मुळात भूतकाळी रूप आहे. जुन्या इंग्रजीतील ‘मोटान’ या क्रियापदाचा अर्थ ‘मुभा असणे’ असा होता. ‘मोस्टे’ हा त्याचा भूतकाळ, आणि त्यापासून आजचे ‘मस्ट’ आले. ‘शुड’ (मूळ अर्थ ‘देणे असणे’) आणि ‘ऑट’ (मूळ अर्थ ‘मालकीचे असणे’) हीसुद्धा जुनी भूतकाळी रूपेच. मुभेचा अर्थ सक्तीकडे कसा वळला, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार हा बदल नकारातून झाला: ‘जाण्याची मुभा नाही’ म्हणजेच ‘न जाणे भाग आहे’, आणि तेथून सक्तीचा अर्थ होकारी वाक्यात आला. दुसऱ्या मतानुसार दैवाने वाट्याला घातलेले, ही छटा मूळ शब्दातच होती. आजही ‘मस्ट’चा मोठा घोळ नकारात होत असल्याने पहिले मत अधिक पटते.

‘हॅव टू’बद्दलचा वाद वेगळा आहे. ‘माझ्यापाशी लिहायचे पत्र आहे’ या अर्थाच्या रचनेतून ‘मला पत्र लिहावे लागते’ हा अर्थ निघाला, एवढे बहुतेकांना मान्य आहे. व्हान डर गाफ (१९३१) यांच्या विवेचनात भर अर्थाच्या हळूहळू होत गेलेल्या बदलावर आहे. ओल्गा फिशर (१९९४) यांच्या मते शब्दक्रम बदलल्यामुळे ‘हॅव’ आणि ‘टू’ शेजारी आले, आणि सक्तीचा अर्थ त्यानंतर पक्का झाला. हा टप्पा साधारणपणे मध्ययुगीन इंग्रजीच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर धरतात. उच्चारात हे शब्द आता इतके जुळले आहेत की ‘हॅव’मधला ‘व’ जाऊन ‘हॅफ्टू’ असेच ऐकू येते. ‘मस्ट’, ‘शुड’ यांसारख्या सहायक क्रियापदांचा वेगळा वर्ग सोळाव्या शतकात एकदम बनला, असे डेव्हिड लाइटफुट यांनी १९७९ मध्ये मांडले. फ्रान्स प्लांक (१९८४) यांनी तो बदल टप्प्याटप्प्याने झाल्याचे दाखवले. आता कल दुसऱ्या मताकडे आहे.

मराठीशी तुलना : मराठीतही हे काम जुन्याच रूपांकडून होते. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’चे जुने कर्मणी रूप. ‘करावे’ हे विध्यर्थी रूप संस्कृत ‘कर्तव्य’मधील ‘तव्य’ प्रत्ययावरून आले. विध्यर्थाच्या अभ्यासासाठी मोरो केशव दामले यांचे १९११ चे व्याकरण अजूनही उघडावे लागते. दामले हे मालगुंडच्या केशवसुतांचे बंधू.

‘जावे लागते’ आणि ‘हॅव टू गो’ यांची जोडी चांगली जमते, कारण दोन्हींत सक्ती परिस्थितीची आहे: शेवटची एसटी गेली, चालत जावे लागते. ‘पाहिजे’ मात्र एकटे ‘मस्ट’ही नव्हे आणि ‘शुड’ही नव्हे. ‘जायला पाहिजे’ हे ‘शुड’च्या जवळ, तर ‘जायलाच पाहिजे’ हे ‘मस्ट’च्या जवळ. इंग्रजी जिथे शब्द बदलते, तिथे मराठीला एक ‘च’ पुरतो. विद्यार्थ्याला हा ‘च’ आधी ऐकायला शिकवावे. पाठ केलेल्या तक्त्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

खरी चूक नकारात होते. ‘यू मस्टन्ट गो’ म्हणजे जायचे नाही, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ किंवा ‘यू नीडन्ट गो’ म्हणजे गेले नाही तरी चालेल. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ होकारात जवळचे वाटतात म्हणून नकारातही तसेच असतील, या समजुतीने ‘गरज नाही’च्या जागी मनाई लिहिली जाते. मालवणीत हा फरक जिभेवर तयारच आहे. ‘करू नको’ ही मनाई. ‘करूक नको’ म्हणजे करण्याची गरज नाही. मध्ये फक्त एक ‘क’ आहे, पण घरात कोणाचाही गोंधळ होत नाही. ‘जावक व्हया’ (जायला पाहिजे) आणि ‘जावचा लागता’ (जावे लागते) या जोडीचेही तसेच. असे असताना वर्गात मालवणी बाजूला ठेवून इंग्रजीचे भाषांतर फक्त प्रमाण मराठीतून करून घेणे हे मुलांचे नुकसान आहे.

भूतकाळात आणखी एक खड्डा आहे. ‘मी जायला पाहिजे होतं’ याचे ‘आय मस्ट हॅव गॉन’ असे भाषांतर सर्रास आढळते. त्याचा अर्थ होतो ‘मी गेलो असणार’. हवे ते ‘आय शुड हॅव गॉन’. आणि ‘मला जावं लागलं’ म्हणजे ‘आय हॅड टू गो’. इथे माणूस खरोखर गेला आहे. होडी देवगडला पोचलीच असणार, हा तर्क मात्र ‘मस्ट हॅव रीच्ड’नेच सांगतात.

वापराचे प्रमाण : जेफ्री लीच यांनी (२००३) १९६१ आणि १९९० च्या दशकाचा आरंभ या दोन काळांतील छापील इंग्रजीची तुलना केली. ‘मस्ट’चा वापर ब्रिटिश लेखनात सुमारे २९ टक्के, तर अमेरिकन लेखनात सुमारे ३४ टक्के घटलेला आढळला. भारतीय इंग्रजीसाठी घाटापलीकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात १९७८ च्या लेखनावरून दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. त्यात फक्त छापील मजकूर आहे.

समुद्रावरील वापर : किनाऱ्यावरची अनेक मुले व्यापारी जहाजांवर जातात, त्यांच्यासाठी हा विषय परीक्षेपुरता राहत नाही. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत बंधनासाठी ‘मस्ट’ऐवजी ‘शॅल’ वापरले आहे. सतराव्या नियमात एकाच जहाजाची तीन पायऱ्यांवरची वागणूक सांगितली आहे. ज्याला वाट मोकळी मिळायची त्याने दिशा व वेग कायम ठेवायचा, इथे ‘शॅल’. समोरचा हटत नाही असे दिसू लागले की स्वतः हालचाल करण्याची मुभा, इथे ‘मे’. दोघे इतके जवळ आले की एकट्या समोरच्याने टक्कर टळणार नाही, तर हालचाल करणे बंधनकारक, इथे पुन्हा ‘शॅल’. मधल्या ‘मे’ला सक्ती समजणारा अधिकारी वेळेआधी सुकाणू वळवेल.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या प्रमाण सागरी वाक्प्रयोगांत ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ हे शब्द संदिग्ध म्हणून टाळायला सांगितले आहेत. त्यांच्या जागी वाक्याआधी ‘सूचना’, ‘सल्ला’, ‘इशारा’, ‘विनंती’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द उच्चारतात. ‘शुड आय अँकर?’ असे न विचारता आधी ‘क्वेश्चन’ म्हणून, नांगर टाकण्याबाबत काय सल्ला आहे, असे विचारायचे असते.