सांडलेला ताण आणि लागलेला ताण

हिंजवडीहून रात्री नऊला परतलेला नवरा जेवताना कोणाशी धड बोलत नाही, आणि तासाभराने बायको काही कारण नसताना मुलीवर ओरडते. ‘ऑफिस घरात आलं’ एवढ्या एका वाक्यात आपण या दोन्ही गोष्टी गुंडाळतो. प्रत्यक्षात त्या निराळ्या आहेत. एखाद्याचा कामावरचा ताण त्याच्याच घरच्या वागण्यात उतरतो, त्याला मानसशास्त्रात स्पिलओव्हर म्हणतात. तो जोडीदाराच्या मनात शिरतो, तेव्हा त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. मराठीत पहिल्याला सांडणे आणि दुसऱ्याला लागण म्हणावे. सांडायला एक माणूस आणि दोन ठिकाणे पुरतात, लागणीला दोन माणसे लागतात.

हा भेद १९८९ साली मानसशास्त्रज्ञ नायल बोल्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकेपणाने तपासला. त्यांनी १६६ जोडप्यांकडून सलग ४२ दिवस रोजच्या नोंदी लिहून घेतल्या, त्यामुळे ताण कोणाच्या दिवसात उगवला आणि कोणाच्या संध्याकाळी पोहोचला याचा माग काढता आला. कामाचा ताण घरी सांडणे नवरा-बायको दोघांतही दिसले. घरचा ताण कामावर नेणे मात्र नवऱ्यांमध्ये अधिक आढळले. जोडीदाराचा दिवस जड गेला की घरकामाचा जादा भार उचलण्याकडे बायकांचा कल अधिक होता, हे वाचून पुण्यातल्या किती बायका चकित होतील याबद्दल मला शंका आहे.

सांडणे बरेचसे काम आणि घर यांच्यामधल्या अंतरावर अवलंबून असते. वाकडच्या पुलावरच्या कोंडीला आपण शिव्या घालतो, पण बसच्या खिडकीशी गेलेला अर्धा तास मनाला कामातून बाहेर काढू शकतो, आणि २०२० मध्ये घरूनच काम सुरू झाल्यावर अनेकांचा हा अर्धा तास नाहीसा झाला. त्यात नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे गेली, की न्यूयॉर्कची सकाळी नऊची बैठक आपल्याकडे साडेसहाऐवजी साडेसातला येते आणि नेमकी मुलांच्या जेवणावर आदळते. ही मात्र मुळात वेळेची टक्कर आहे. तशीच भोसरीच्या कारखान्यातली गुरुवारची सुट्टी आणि मुलांच्या शाळेची रविवारची; तिथे कोणाचे डोके तापलेले नसले तरी घर एकत्र बसत नाही.

लागणीच्या वाटा वेगळ्या. जोडीदाराचे ऐकता ऐकता त्याचे दुःख आपलेसे होते, ही एक; त्याच्या टोचून बोलण्यातून वाद पेटतो, ही दुसरी. तिसरी वाट फसवी असते: गृहकर्जाचा हप्ता वाढला की दोघेही चिडचिडे होतात, पण तिथे कोणी कोणाला काही लावलेले नसते, कारण समाईक असते. आनंदही असाच लागतो, हे आपण क्वचितच मोजतो.

घरी येऊन वीस मिनिटे गच्चीत एकटे बसल्याने सांडणे कमी होऊ शकते. लागणीवर मात्र तोच उपाय उलटू शकतो, कारण दारातून थेट गच्चीत गेलेल्या माणसाच्या मौनाचा अर्थ स्वयंपाकघरात आपापल्या परीने लावला जातो. ‘आज साहेब बोलले, तुझ्यावर राग नाही’ एवढे जाता जाता सांगितले, तर तो अर्थ निदान चुकीचा लागत नाही.