काळ्याकुट्ट भविष्याच्या कथा आणि कुमारवयीन मेंदू

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला, की मुले दिवसभर घरात अडकतात आणि बर्डीच्या बाजारातून आणलेल्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पडू लागतो. त्यांत जुलमी राजवटी आणि उद्ध्वस्त शहरे रंगवणाऱ्या ‘डिस्टोपियन’ कादंबऱ्याच अधिक दिसल्या, की ‘असले वाचून पोरे निराश होतील’ अशी काळजी पालकांना वाटते. माझ्या मते या कथांचे आकर्षण निराशेत नसून त्या वयाच्या मेंदूच्या घडणीत आहे.

डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये असे मांडले, की सगळे जग सतत आपल्याकडेच पाहत आहे, असे कुमारवयीन मुलांना वाटत असते. पाहणाऱ्यांचा मेंदूवरील परिणाम पुढे अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात प्रयोगाने तपासला गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सहभागी व्यक्ती एमआरआय यंत्रात पडून मोटार चालवण्याचा खेळ खेळत होत्या. चौकात पिवळा दिवा लागला असता थांबावे, की धडकेचा धोका पत्करून पुढे जावे, हे त्यांना ठरवायचे होते. शेजारच्या खोलीतून मित्र पाहत आहेत हे कळताच १४ ते १८ वर्षांच्या मुलांनी अधिक धोका पत्करला आणि बक्षिसाच्या अपेक्षेने जागा होणारा, मेंदूच्या तळाशी असलेला व्हेंट्रल स्ट्रायटम हा भाग त्यांच्यात अधिक सक्रिय झाला. प्रौढांमध्ये हा फरक आढळला नाही. या भागाला डोपामाइन हे बक्षिसाची ओढ लावणारे रसायन पुरवणाऱ्या चेतापेशी मध्यमेंदूत असतात. आवेगाला आवर घालणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग मात्र पुष्कळ उशिरा, विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, कारण तेथील चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चढण्याचे आणि नको असलेले चेताजोड छाटले जाण्याचे काम तोवर सुरूच असते.

आता सुझान कॉलिन्स यांची २००८ ची ‘द हंगर गेम्स’ पाहा. सोळा वर्षांची नायिका जीवघेण्या खेळाच्या रिंगणात उतरते, तिची प्रत्येक हालचाल सारा देश दूरचित्रवाणीवर पाहतो आणि प्रेक्षकांतील धनिकांची मर्जी बसली, तरच तिला औषधासारखी मदत मिळते. वाचकाच्या मनातला काल्पनिक प्रेक्षक येथे खराखुरा होतो आणि त्याच्या पसंतीवर जीव अवलंबून राहतो. वरील प्रयोग मोटारीच्या खेळाचा होता, वाचनाचा नव्हता. तेव्हा हा सांधा मी जोडलेला आहे, एवढे सांगणे आवश्यक आहे.

याच वयात आणखी एक बदल होतो. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार साधारण अकरा-बारा वर्षांपासून मूल प्रत्यक्षात नसलेल्या शक्यतांचाही तर्कशुद्ध विचार करू लागते. गोष्टीतला राजा दुष्ट आहे, एवढ्यावर आठ वर्षांच्या मुलाचे समाधान होते. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र असा राजा गादीवर टिकतोच कसा आणि त्याचे हुकूम पाळणारे लोक कोण, हे जाणून घ्यायचे असते.