अत्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दीर्घकालीन विकास

गर्भारपणाचे २८ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ‘अत्यंत मुदतपूर्व’ ठरते. प्रसूतीआधी आईला दिलेली स्टेरॉइड (बाळाची फुप्फुसे लवकर पक्व करणारी औषधे), बाळाच्या फुप्फुसांत सोडलेले सर्फॅक्टंट (फुप्फुसे मिटू न देणारा द्रव) आणि नवजात अतिदक्षता विभागातील देखभाल यांमुळे अशी पुष्कळ बाळे आता जगतात. त्यांच्या पुढच्या वाढीकडे मात्र तेवढ्याच चिकाटीने पाहिले जात नाही.

मेंदूला वळ्या पडण्याचे काम मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत होते आणि या बाळांच्या बाबतीत ते पोटाबाहेर, श्वासाची ओढाताण आणि जंतुसंसर्ग सोसत होते. मेंदूतील पोकळ्यांलगतच्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून पहिल्या काही दिवसांत रक्तस्राव होऊ शकतो. तिथल्याच श्वेतद्रव्याला (संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला) इजा झाली, तर पायांकडे जाणारे तंतू आधी त्या इजेत सापडतात. म्हणून या मुलांच्या सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या विकारात) हातांपेक्षा पाय अधिक ताठरतात. दृष्टिपटलाचा आजार आणि फुप्फुसांचा जुनाट विकार हे आणखी दोन धोके.

ब्रिटन व आयर्लंडमध्ये १९९५ साली २५ किंवा त्याहून कमी आठवड्यांच्या जन्मलेल्या मुलांचा ‘एपिक्युअर’ अभ्यास प्रसिद्ध आहे. सहाव्या वर्षी त्यांतील २२ टक्के मुलांत तीव्र, २४ टक्क्यांत मध्यम, तर ३४ टक्क्यांत सौम्य अक्षमता आढळली. स्वीडनमध्ये २००४ ते २००७ या काळात २७ आठवड्यांआधी जन्मलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के मुले साडेसहाव्या वर्षी पूर्णपणे अक्षमतामुक्त होती. जन्माचे आठवडे वेगळे असल्याने या दोन अभ्यासांतील आकड्यांची सरळ तुलना करू नये.

पहिली दोन वर्षे वाढ ‘सुधारित वया’ने, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरलेल्या वयाने, मोजतात. २५ आठवड्यांनी जन्मलेले बाळ वाढदिवसाला वर्षाचे दिसले, तरी विकासाच्या हिशेबात ते साधारण साडेआठ महिन्यांचेच असते. ते अजून उभे राहत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. उलट, दुसऱ्या वर्षीची चाचणी चांगली आली म्हणून तपासण्या थांबवणेही चूक आहे, कारण बऱ्याच अडचणी शाळेतच उघड होतात. अस्खलित वाचणारे मूल बेरजेत हातचा घ्यायला विसरते, तीन सूचना एकदम दिल्या की शेवटचीच पाळते. अवधान कमी पडणे, चिंता आणि मित्र जोडताना अडखळणे या तक्रारी एकत्र दिसतात. दंगामस्ती तुलनेने कमी. असे गप्प बसलेले मूल शिक्षकांच्या नजरेतून सुटते, आणि ‘आळशी’ हा शिक्का त्याच्यावर फार सहज बसतो. मदत मिळायला उशीर होतो तो इथेच.

आईचे शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचाही बौद्धिक प्रगतीवर ठळक परिणाम होतो. मोठेपणी रक्तदाब सरासरीने थोडा जास्त व फुप्फुसांची क्षमता कमी आढळते, त्यामुळे प्रौढ वयातही डॉक्टरांना जन्माचे आठवडे सांगणे आवश्यक आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या कॅनडातील मुलांना किशोरवयात स्वतःच्या आयुष्याविषयी विचारले, तेव्हा बहुतेकांनी ते समवयस्कांइतकेच समाधानकारक असल्याचे सांगितले.